तुम्ही विचारलंत म्हणून: केप मॅक्लिअरच्या पाण्यात उतरावं का?

आफ्रिकेतल्या मलावीला निघालेली जोडपी हटकून हेच विचारतात. उतरा, पण परतल्यावर दोघांनीही औषध घ्यायचं हे आधी ठरवून.

मलावी सरोवराच्या काठच्या केप मॅक्लिअरला वस्ती आहे ती चेंबे या मासेमारांच्या गावाची. भोवतीचं राष्ट्रीय उद्यान १९८० सालचं, १९८४ पासून जागतिक वारसा. पाणी नितळ, खडकांपाशी रंगीबेरंगी म्बुना मासे. आणि त्याच पाण्यात बिल्हार्झिया, म्हणजे अंगात शिरणाऱ्या कृमींचा आजार. गोगलगायींतून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. गोगलगायी खाणारे मासे जाळ्यांनी उपसले गेले आणि वाळूच्या उघड्या किनाऱ्यावरही आजार वाढला. सरोवरातून थेट नळाला येणाऱ्या पाण्यात तोच धोका, म्हणून आंघोळीचं पाणी दोन दिवस टाकीत साठवलेलं असतं का, हे खोली घेतानाच विचारा.

औषध प्राझिक्वान्टेल. नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम: ६० किलोला ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, ७५ किलोला पाच, जेवणासोबत, डॉक्टरांना विचारून. चूक होते ती घाईची. कोवळ्या कृमींवर ते नीट चालत नाही, म्हणून शेवटच्या पोहण्यानंतर निदान आठ आठवडे थांबायचं. रक्ततपासणीही लवकर केली तर खोटा दिलासा मिळतो. आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, पण उतरलात दोघं, तर गोळ्याही दोघांनी. त्रास नाही म्हणून टाळू नका. वर्षांनंतर मूत्राशय, बायकांमध्ये गर्भाशयाचं मुखही बिघडतं.

मलेरिया तर आहेच. प्रतिबंधक गोळ्या आणि पलंगभर पुरणारी, न फाटलेली मच्छरदाणी हवीच. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर आधी डॉक्टर, मग तिकीट. गरोदरपणात मलेरिया फार घातक ठरतो.

गाव बघायचं तर अमावास्येच्या आसपास जा. उसिपा हा बोटभर मासा दिव्याकडे येतो, त्यामुळे अंधाऱ्या रात्री सरोवरभर होड्यांचे दिवे लागतात. पौर्णिमेला उजेडच फिका पडतो. सकाळी बोरूच्या मांडवांवर उसिपा वाळत पडतो. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येईल. मांडव उंच असतो तो हवा खालूनही लागावी आणि वाळू चिकटू नये म्हणून. पावसाळ्यात मात्र वाळत नाही, अळ्या पडतात, मेहनत वाया जाते. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने, पण ऑगस्टपर्यंत म्वेरा नावाचा आग्नेय वारा सुटला की छोटी होडी बाहेर काढू नये.

किनाऱ्यावर बायका धुणंभांडी करतात, तिथे कॅमेरा काढण्याआधी विचारा. पाण्याबाहेर आल्यावर बाईनं चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं तिथलं कापड, गुंडाळावं, मांड्या उघड्या ठेवणं तिथे बरं दिसत नाही. चारचौघांत गळ्यात गळेही नकोत.

जेवायला न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि चांबो हा सरोवरातला मासा मिळेल. चांबो खूप घटलाय. ताटातला तळहाताएवढाच असेल, तर तो न घेता उसिपा मागा.