काठी घुसळून निखारा: खेळ तळव्यांचा

आग पेटवायला लाकडी फळीवर काठी उभी धरून दोन तळव्यांत घुसळायला बसलं की बहुतेक जण जीव तोडून वेग वाढवतात. धूर येतो, हात सोलवटतात, निखारा काही पडत नाही. कमी पडतो तो बहुधा खाली जाणारा दाब.

काठी सरळ, कडकडीत वाळलेली, करंगळीएवढी जाड, दीड-दोन फूट लांब. फळी साधारण बोटभर जाड आणि नखाचा वण उठेल इतकी मऊ. लाकूड जरा दमट असेल तर नाद सोडा. फळीच्या कडेजवळ खळगा पाडून काठी फिरवा. वर्तुळ काळवंडलं की कडेकडून जवळजवळ मध्यापर्यंत, वर्तुळाच्या आठव्या भागाएवढी खाच कापा. घासून निघणारी लाकडाची भुकटी या खाचेत साठते; ती झेलायला खाचेखाली वाळकं पान ठेवा.

एक पाय फळीवर, दुसरा गुडघा जमिनीवर, खांदे काठीच्या वर. बोटं सरळ ठेवून तळव्याच्या बुडापासून बोटांच्या टोकापर्यंत पूर्ण लांबी वापरा. आखूड चोळलं की फेरे कमी मिळतात आणि फोड एकाच जागी येतात. तळवे एकमेकांवर आणि खाली असे दोन्हीकडे दाबा. हात आपसूक खाली उतरतील. तळाशी पोचल्यावर एका हाताच्या चिमटीत काठी दाबून धरा, दुसरा हात वर न्या, त्यानं पकड घेतली की पहिला. निम्मे प्रयत्न इथेच फुकट जातात: क्षणभर काठी उचलली गेली तरी खळगा निवतो आणि भुकटी विखुरते. ही अदलाबदल आधी थंड काठीवर घोटून घ्या. फारच अडलं तर वरच्या टोकाला दोरी बांधून अंगठ्यांसाठी दोन फास करा. हात खाली घसरतच नाहीत. याला कुणी लबाडी म्हणालं तर म्हणू दे.

सुरुवात संथ, फक्त लाकूड तापवण्यापुरती. दम राखून ठेवा. खाच भुकटीनं भरली की मग हातांचे वरून तळापर्यंतचे शेवटचे चार-पाच उतार सगळं बळ लावून.

भुकटी बघत राहा. फिकट आणि भरड म्हणजे दाब-वेगाचा मेळ नाही. काळपट, बारीक, लोकरीसारखी म्हणजे जमतंय. काठी किंचाळतेय, खळगा चकाकतोय? पृष्ठभाग गुळगुळीत झालाय; खरवडा किंवा चिमूटभर बारीक वाळू टाका.

थांबल्यावरही भुकटीतून धूर येत राहिला तर निखारा धरलाय. लगेच फुंकू नका. अर्धा मिनिट हातानं हलका वारा घाला, ढीग एकजीव होऊ द्या, मगच पान उचलून तो वाळक्या तंतूंच्या घरट्यात सोडा.