तुम्ही विचारलंत म्हणून: तो वी अजून का ठेवलाय?

घरी पहिल्यांदा येणारं कुणीही असो, चहा होईपर्यंत नजर टीव्हीखालच्या फळीवरच्या वीवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर जातेच. "अय्या, वी? अजून ठेवलाय? चालतो तरी का?" मुलं लहान असलेले पाहुणे पुढे हेही विचारतात, की त्या हातवारे करायच्या खेळांनी तुमच्या मुलाला काही फायदा झाला का. व्यायाम म्हणत असाल तर नाही. बाकीचं सांगायला आईपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही न्यू जर्सीत. वी 2006 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला आणि वर्ष होत आलं तरी दुकानात मिळत नव्हता. नवरा सकाळी कुडकुडत रांगेत उभा राहिला आणि 250 डॉलर मोजून ते पांढरं खोकं घेऊन आला. मी दोन दिवस धड बोलले नाही.

निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी, 1889 पासून पत्ते बनवणारी. व्हिडिओ गेममध्ये तेव्हा ती मागे पडली होती. अध्यक्ष सातोरु इवाता यांचं म्हणणं असं, की जे खेळतात त्यांच्यासाठी भांडत बसण्यापेक्षा जे खेळतच नाहीत त्यांना ओढून आणू. म्हणून दोन हातांत धरायचं बटणांचं जंजाळ गेलं आणि टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी आली. रिमोट कोणाला परका वाटत नाही, हा त्यातला हिशोब.

2008 च्या जुलैत आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. आई तेव्हा 66 ची. "मला नको बाई, मोडेल काहीतरी," हे तिचं पहिलं वाक्य. मुलगा दहा वर्षांचा. त्यानं आजीचा 'मी' करायला घेतला. वीमध्ये प्रत्येक खेळाडूचा एक बाहुला असतो, त्याला मी म्हणतात (मराठी माणसाला हे समजावताना फार घोळ होतो). अंबाडा मिळाला, चष्मा मिळाला, टिकली मिळेना. मग पोरानं चेहऱ्यावर लावायचा तीळ उचलला आणि सरकवत सरकवत कपाळावर नेऊन बसवला. आई म्हणाली, "काळी कशी रे? कुंकू लाव की." लाल तीळ नव्हता.

मग बोलिंग, क्रिकेटमधलं नव्हे, चेंडू घरंगळत सोडून समोरच्या बाटल्या पाडायचं. बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना सोडायचं. आई मागेच सोडायची. चेंडू मागे जाई आणि मागचे बाहुले टुणकन उडत. ती इतकी हसली की खाली बसली. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, आणि असा काही हात फिरवला की टीपॉयवर आपटून बांगडी वाढवली. ऑक्टोबरपर्यंत तिच्या नावापुढे 'प्रो' लागलं होतं. नातू मागे होता.

का मागे होता, ते मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. त्या कांडीत वेगातला बदल मोजणारा एक छोटासा भाग असतो. तिला तुमचा खांदा दिसत नाही, पाय दिसत नाहीत, तुम्ही उभे आहात की लोळताय हेही कळत नाही. पोरांनी हे आठवड्याभरात ओळखलं. टेनिसला मनगटाचा एक झटका पुरतो, सोफ्यावर पसरून, दुसऱ्या हातानं चिवडा खात. माझा मुलगा आणि त्याचे मित्र नाचाचे खेळसुद्धा एकच हात हलवून, बसून जिंकायचे. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती खरंच बोलिंग करत होती, म्हणून तिचा चेंडू दर वेळी एकाच रेषेत जायचा.

बाबा टेनिसमध्ये इतके रमले की उजवा खांदा धरला. आम्ही घाबरलो, पण तसे ते एकटे नव्हते. 2007 मध्येच स्पेनमधल्या एका तरुण निवासी डॉक्टरनं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहून आपल्याच दुखऱ्या खांद्याचं बारसं केलं होतं: 'वीआयटिस'. मनगटाच्या दोऱ्या तुटून कांड्या भिरकावल्या जात म्हणून 2006 च्या डिसेंबरात निन्टेन्डोनं 32 लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती. लोक जीव तोडून खेळत होते, हाच त्याचा अर्थ.

त्या वर्षीची दिवाळी मात्र मी विसरणार नाही. टीव्हीच्या कपाटावर आईनं पणत्या लावल्या आणि कांडी रोखू तिथं पडद्यावर फिरणारा हाताचा पंजा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. वी बिघडला म्हणून रडारड. पोरगा एकेक पणती उचलून बघत बसला आणि तासाभरानं त्याला कोडं सुटलं. टीव्हीवर ठेवतात ती 'सेन्सर बार' नावाची पट्टी काहीच ओळखत नाही, तिच्यात दोन टोकांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, बस. तो उजेड तेवढा बघणारा कॅमेरा असतो कांडीच्या टोकाला. पणतीच्या ज्योतीतही तोच उजेड, म्हणून त्याचा गोंधळ. मग त्यानं पट्टी काढली, जागेवर हातभर अंतरानं दोन पणत्या ठेवल्या आणि पंजा पुन्हा शहाण्यासारखा चालायला लागला. आई म्हणाली, "बघ, तेलावर चालतंय." माझ्या मते त्या वीनं त्याला जे काही दिलं ते त्या तासात दिलं.

बाहेरच्या जगातही असंच चाललं होतं. कार्नेगी मेलनमधल्या जॉनी चुंग ली या संशोधकानं हीच कांडी उलटी वापरून अगदी स्वस्तात वर्गातला इंटरॅक्टिव्ह फळा बनवून दाखवला. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या, फिजिओथेरपीवाल्यांनी पेशंटच्या हातात कांडी दिली. एकूण 10 कोटींवर वी विकले गेले.

नंतर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. हातात काहीच नाही, कॅमेराच अख्खं शरीर बघणार. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख खपले, आणि 2017 मध्ये त्याचं उत्पादनच बंद झालं. आम्हीही घेतला होता. त्याला समोर मोकळी जागा लागे, म्हणजे दर वेळी सोफा सरकवा. आणि खरं सांगू का, घरातलं ते टक लावून बघणं मला आवडलं नाही. वीची कांडी आंधळी होती, त्यामुळे तिच्यापुढे कसंही नाचायला लाज वाटत नव्हती.

मुलगा आता सत्तावीसचा. बसून, बटणं दाबून, हेडफोन लावून खेळतो. त्याच्या खेळाकडे बघत मी बसत नाही, बघण्यासारखं तिथं काही नसतं. वीच्या दिवसांत खेळणाऱ्यापेक्षा बघणारे जास्त असायचे, भांडी घासायची सोडून मीसुद्धा.

गेल्या डिसेंबरात तो आला आणि त्यानं खोकं सुरू केलं. पट्टी कुठं गेली कोण जाणे, तेव्हा पणत्याच लावल्या. आजीचा बाहुला काळी टिकली लावून फिरत होता. तिला व्हिडिओ कॉल लावला. ती आता 83 ची, साताऱ्यात. नातवाचे दोन चेंडू तिनं बघून घेतले.

"मनगटानं काय टाकतोस? हात फिरव पुरता."

खेळ संपल्यावर कांडीतले पेन्सिल सेल मी काढून ठेवले. नाहीतर गळतात.