चीजसाठी मुरघास बंद केला

चीज करायचं ठरलं आणि पहिला बळी गेला मुरघासाचा. आमच्या फलटणच्या कोरड्या पट्ट्यात मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला हिरवा चारा, हा उन्हाळ्याचा आधार. खड्डा बंद करायचं म्हटल्यावर वडिलांनी बरेच दिवस अबोला धरला. पण मुरघासातून क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू येतात. शेणावाटे कासेला, कासेवरून दुधात. दूध तापवूनही ते मरत नाहीत आणि चीज मुरताना आत वायू धरतो. वरून गोळा झकास. कापला की भेगा आणि घाण वास. इटलीत पार्मिजानो रेज्जानो या चीजसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास घालायला बंदीच आहे. आम्ही कडबा, लसूणघास आणि बांधावरच्या शेवरी-हादग्यावर आलो. दूध थोडं उतरलं, ते सोसलं.

इंधनाचं सहज जमलं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, ते गोठ्यातून निघतंच. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरायचं, ३२ पर्यंत उतरवायचं, मग विरजण, मग रेनेट, म्हणजे दूध थिजवणारं एन्झाइम. पाऊण तासात दूध खरवसासारखं थिजतं. सुरी तिरकी घालून हलकेच उचलायची. चीर स्वच्छ फाटून तिच्यात हिरवट, नितळ निवळी (दुधातून सुटणारं पाणी) साचली, की कापायला घ्यायचं. पाणी दुधाळ दिसलं तर थांबायचं, नाहीतर स्निग्धांश निवळीबरोबर गेलाच. घड्याळापेक्षा माझा या चिरेवर भरवसा. कासदाहावर अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध मात्र यात येता कामा नये, विरजणच मरतं.

दहा लिटरला जेमतेम किलोभर चीज. ‘‘एवढ्या दुधाचं एवढंसंच?’’ आई अजून विचारते. बाकी सगळी निवळी. ओढ्यात सोडली तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन मासे मारते. ती जाते कालवडींना आणि कोंबड्यांच्या भरड्यात, उरलीच तर गोबरगॅसच्या स्लरीत.

स्वयंपूर्ण म्हणवतो खरे, पण रेनेट आणि विरजण विकतचंच. मुरवायच्या खोलीला १२-१३ अंश आणि ८५ टक्के दमटपणा हवा. बाहेर एप्रिलात पारा चाळिशीपार. दिवसा सोलरवर भागतं, रात्री लाइट गेली की जीव टांगणीला. म्हणून भर उन्हाळ्यात मुरवायचं चीज लावतच नाही. ते दूध पनीर आणि तुपाला जातं. पनीर तर गावातच खपतं, पुण्याला न्यावंही लागत नाही.