मिशनच्या मुलांच्या शाळेत पाणी आधी बघा

नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा. त्यांच्या शाळा जुन्या, पण खेड्यातल्या शाळेत इमारतीआधी वसतिगृहाचं पाणी बघावं. दिवसाच्या शाळेला दरडोई ४५ लिटर पुरतं, मुक्कामी मुलाला १३५ धरतात. म्हणजे ६० मुलांना रोज ८,१०० लिटर! पाच हजारांची एकच टाकी असली की लाइन गेल्याबरोबर आंघोळी अडतात. दोन दिवसांचा साठा हवाच.

यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरला फ्लोराइड निघतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्याला नकोच. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले की बोअर तपासून घ्या.

शाळा जूनअखेर उघडते. त्याआधी टाकी घासा, कवेलू फेरून घ्या. माकडांनी सरकवलेलेच पहिल्या पावसात गळतात.