गालावरची टिंबं

बारोचीची ‘ढगांमधली मेरी आणि बाळ’ लंडनमधल्या आमच्या कार्यशाळेत आली तेव्हा जाड पुठ्ठ्यावर खळीने डकवलेली होती. फेदेरिको बारोची इटलीतल्या उर्बिनोचा, मोठा चित्रकार. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखून, आम्लाने कोरून कागदावर छापलेलं चित्र. ती मात्र त्याने जन्मात चारच केली. हे साधारण १५८१ चं, तळहाताएवढं. मालकीणबाईंना पुठ्ठा आणि पिवळेपणा दोन्ही काढून हवं होतं.

एचिंग धुतात म्हटलं की लोक दचकतात. पण छपाईची शाई जवसाच्या तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. तरी आधी थेंब टाकून, टिपकागद दाबून बघायचंच. मी मेरीच्या वस्त्रावर बघितलं, ढगांवर बघितलं. बाळाच्या गालावर नाही बघितलं.

बारोचीची खरी करामत त्या गालावरच आहे. वस्त्रं, ढग रेषांचे. अंगाची कांती मात्र सुईच्या टिंबांची. टिंबं विरळ होत जातात आणि मोकळा राहिलेला कागदच उजेड होतो. तिथे हात लावायला मन धजावलं नाही.

पुठ्ठा सुटला. कोमट पाण्यात सातव्या-आठव्या मिनिटाला गालावरची पाच टिंबं फुगून तपकिरी झाली. जाळीसकट कागद उचलून टिपकागदावर पालथा घेतला, तेवढ्यात ती त्यावर उतरली. खाली कागद खरवडलेला, तंतू उभे. कधीकाळी कुणीतरी गाल घासून काढला होता आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने टिंबं परत दिली होती.

एरवी हे आधीच कळतं. तांब्याच्या पत्र्यावरून आलेली शाई कागदावर किंचित उभी असते, तिरप्या उजेडात दिसते. कुंचल्याचं टिंब सपाट बसतं. पण पुठ्ठ्यावर डकवणाऱ्याने कागद इतका दाबला होता की पत्र्याच्या कडेचा ठसासुद्धा मेला होता. चित्र इस्त्रीच्या कापडासारखं वागवणाऱ्या त्या माणसाचा मला अजून संताप येतो. त्याने माझी चूक लहान होत नाही.

वरिष्ठ म्हणाले, “गेलं ते बारोचीचं नव्हतंच.” बरोबर आहे. मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळ आजारी दिसतंय.” तेही बरोबर आहे.

गालाची चाचणी घेतली नव्हती, हे मी अहवालात लिहिलंय. बाईंना टिंबं परत हवीत. टिपकागद मी जपून ठेवलाय. त्यावर पाचही आहेत, उलटी, पण अंतरं अचूक. रंग कालवून झालाय. कुंचला अजून उचललेला नाही.