तेरा वार

आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप दीड मीटरची. पिवळी, टोकाला पत्रा मारलेली, सुरुवातीचे दोन-तीन आकडे पुसून गेलेले. परवा रविवारी दुपारी ती घेऊन मी आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत उकिडवा बसलो आणि जिन्यापासून मोजायला लागलो. खडूची खूण, टेप पुढे, पुन्हा खूण. मला एका चित्राची लांबी बघायची होती. आकडा पाठ होता, ११९१.५ सेंटिमीटर, पण आकडा पाठ असणं वेगळं आणि गुडघे दुखणं वेगळं.

चित्र बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात असतं. नाव ‘हजार ली नद्या-डोंगर’. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. रेशमी कापडाच्या एका अखंड पट्ट्यावर काढलेलं, उंची जेमतेम हातभर. काढलं १११३ साली, आणि काढणारा पोरगा अठरा वर्षांचा. वांग शीमंग. चिनी भाषेत निसर्गचित्राला शब्दच ‘डोंगर-पाणी’ असा आहे. तो वाचून मला आपल्या शाळेतलं चित्र आठवलं: दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली वाकडीतिकडी नदी, बाजूला झोपडी. म्हणजे डोंगर-पाणी आपणही काढलंय. फक्त आपण तिथेच थांबलो.

मी तर फारच लवकर थांबलो. सातवीत एलिमेंटरीला बसायचं ठरलं होतं. स्मरणचित्राच्या सरावाला मी जत्रा काढत होतो. माणसांचे पाय बिघडले म्हणून दुसरा कागद मागायला गेलो, तर सर म्हणाले, “आधी नीट काढायला शीक, मग कागद माग.” सरांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. कागद मोजून यायचे. पण मी परीक्षेला बसलो नाही.

हे आठवायचं कारण, शीमंगचीही सुरुवातीची चित्रं बिघडलेलीच होती. त्याच्याबद्दल खात्रीची माहिती म्हणजे चित्राला जोडलेला एक मजकूर, अवघी सत्त्याहत्तर अक्षरं. लिहिणारा त्साय जिंग, त्या वेळचा वजनदार प्रधान. तो सांगतो: हा मुलगा आधी दरबारच्या चित्रशाळेत शिकत होता, मग त्याला राजवाड्याच्या दप्तरखान्यात घेतलं. त्याने बऱ्याचदा चित्रं काढून सादर केली. पुढची तीन अक्षरं मला फार आवडतात. त्यांचा अर्थ: फारशी जमली नव्हती.

आता यापुढे एरवी काय व्हायचं? पोरगा दप्तरखान्यातच म्हातारा झाला असता. पण सम्राटाला वाटलं, हा शिकवण्यासारखा आहे. त्याने स्वतः बसून त्याला हातोटी शिकवली आणि सहा महिने व्हायच्या आत हे चित्र समोर आलं.

सम्राट म्हणजे ह्वेइझोंग. सोंग घराण्याचा. (मराठी कानाला हे घराणं जरा संशयास्पद वाटतं, त्याला माझा इलाज नाही.) स्वतः उत्तम चित्रकार, अक्षर असं की त्या बारीक, ताठ वळणाला आजही वेगळं नाव आहे. त्याच्या चित्र-परीक्षेत म्हणे कवितेची ओळ द्यायचे. ‘फुलं तुडवून परतताना घोड्याच्या टापांना सुगंध’ अशी ओळ आली, तेव्हा एकाने फुलं काढलीच नाहीत. टापांमागे भिरभिरणारी फुलपाखरं काढली. राज्य मात्र या गृहस्थाला झेपलं नाही. ११२७ साली उत्तरेचे जुर्चेन त्याला कैद करून घेऊन गेले आणि ११३५ साली तो तिकडेच मेला. राजा म्हणून इतिहासाने त्याला नापास केलंय, आणि ते योग्यच आहे. पण ज्याची चित्रं फारशी जमत नाहीत त्या पोरापुढे याने एवढं रेशीम पसरू दिलं, याचे मी त्याला गुण देतो.

रेशमाचं एक वेळ सोडा, रंगांचं बघा. निळा अझुराइटचा, हिरवा मॅलॅकाइटचा. दोन्ही तांब्याच्या खाणीतले दगड. कुटायचे, खलायचे, पाण्यात ढवळून ठेवायचे आणि वरचं पाणी निवळून काढायचं. कुरडयांचा चीक काढताना आपल्याकडे करतात तसंच, फक्त इथे प्रत्येक थराला किंमत. आधी खाली बसते ती जाडी पूड, ती गडद. बारीक कण फिके. एकाच दगडातून आकाशी ते थेट मोरपंखी. मग हे सरसात कालवून रेशमावर थरावर थर चढवायचं. शीमंगने आधी शाईने डोंगर बांधले, अंगावर गेरूसारखा तांबूस रंग दिला, त्यावर हिरवा आणि माथ्यांवर निळा. खालची तांबूस ऊब असल्यामुळे वरचा निळा पेटल्यासारखा दिसतो. नऊशे वर्षांनंतरही.

हेच रंग आता जीवावर उठलेत. थर जाड, रेशीम जुनं. गुंडाळी उलगडली की कण सुटण्याची भीती. त्यामुळे संग्रहालय ती फार क्वचित उघडतं. २०१७ साली अख्खं चित्र मांडलं, तेव्हा लोक तासन् तास रांगेत उभे होते.

मी स्क्रीनवर बघतो. मूळची रीत अशी की उजवीकडून सुरुवात, डाव्या हाताने उलगडत जायचं आणि पाहून झालेलं उजव्या हाताने गुंडाळत. एका वेळी दोन हातांत मावेल तेवढाच मुलूख. मी मोठं करून करून बघत गेलो. पाण्यावर लांबून नुसता सपाट रंग वाटतो. जवळ गेल्यावर तिथे लाटांच्या केसासारख्या रेघा निघाल्या, अख्ख्या पाण्यावर. मध्ये एक लांबलचक लाकडी पूल, पुलाच्या पोटात दुमजली मंडप. कुठे पाणचक्की, कुठे होड्या. आणि माणसं, तांदळाएवढी. होडीतल्या एका कोळ्यावर मी पुष्कळ वेळ थांबलो. त्याला पाय आहेत की नाहीत ते कळेना, पण तो बसलाय कसा ते कळत होतं.

चित्रावर शीमंगची सही नाही. प्रधानाच्या मजकुरातही नुसतं शीमंग आहे, वांग हे आडनाव पुढच्या काळातल्या लोकांनी सांगितलेलं. दुसरं चित्र उरलेलं नाही. विशीतच गेला म्हणतात. आणि सम्राटाने हे चित्र ठेवलं नाही, त्साय जिंगलाच देऊन टाकलं. कौतुक करून.

टेप आठव्यांदा ठेवली तेव्हा खूण पाचेक बोटं अलीकडे आली. जिन्यापासून थेट काकूंच्या तुळशीच्या डब्यापर्यंत. काकू दारातच उभ्या.

“काय रे, काय मोजतोयस?”

“चित्र आहे एक, काकू. रेशमावर काढलेलं.”

“केवढं?”

मीटर सांगून उपयोग नव्हता. मनात हिशेब केला.

“तेरा वार.”

काकूंनी खडूच्या खुणांवरून इकडून तिकडे नजर फिरवली. “नऊ पुरतात की. तेरा कोण नेसणार?”