रणगाड्याचं बूच

“चौकातल्या रणगाड्यात डास झालेत, बघून जा,” असा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. माझं फॅब्रिकेशनचं दुकान. ग्रिल, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हीच कामं. पण त्या पावसाळ्यात गावात डेंग्यू होता. डासअळ्या शोधत फिरणाऱ्या पोरांनी रणगाड्याच्या मागच्या जाळीतून टॉर्च मारला, तर आत पाणी चमकलं.

गेलो. वरची झाकणं कधीच वेल्ड करून टाकलेली. पावसाचं पाणी जाळीतून आत जात होतं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. माझा हिशोब सोपा होता, तळाला ड्रिलनं दोन भोकं पाडायची आणि जेवायला घरी.

वायर सोडून खाली शिरतोय तोच मागून आवाज आला, “बोटीला भोक पाडतोस का रे?”

पंचाहत्तरीच्या आसपासचे काका, हातात काठी. रोज तिथल्या बाकावर बसणारे. ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी याच गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. मग माझं ड्रिल राहिलं बाजूला.

गाडी पीटी-76, रशियन बनावटीची, 1950च्या दशकातली. वजन 14 टनांच्या वर, तरी पाण्यावर तरंगणारी. म्हणून जवानांनी नाव ठेवलं ‘पिप्पा’, म्हणजे तुपाचा रिकामा डबा. मागे जी दोन गोल तोंडं आहेत (पोरं त्यात वेफर्सची पाकिटं कोंबतात) ती पाणी फेकण्याची. तळातून पाणी ओढायचं, मागून जोरात सोडायचं, की गाडी ताशी 10 किलोमीटरनं पुढे. पुढची दुमडलेली फळी पाण्यात उतरण्याआधी उभी करायची, नाहीतर लाट अंगावर येते. आत आलेलं पाणी उपसायला पंप, आणि तो बंद पडला तर हातपंप.

“मग चिलखत?” मी विचारलं. काकांनी काठीनं बाजूवर टकटक केलं. “तरंगायचं म्हटल्यावर जाड कुठून असणार?” पत्र्याच्या जाडीतलं मला कळतं. नुसत्या आवाजावरून वाटलं, मोठ्या तोफेपुढे हिचा निभाव लागणार नाही. काका म्हणाले, “गरीबपूरला लागला.” गरीबपूर म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं गाव. 21 नोव्हेंबर 1971, युद्ध जाहीर व्हायच्या आधीचं दाट धुकं. 14 पंजाब या पायदळाच्या पलटणीच्या जोडीला 45 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे 14 पीटी-76, समोर पाकिस्तानचे चॅफी रणगाडे. मेजर दलजितसिंग नारंग झाकणातून डोकं बाहेर काढून हुकूम देत राहिले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. काका स्वतः तिथे नव्हते, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आता मुद्दा असा, की जे पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. पण पाणी सोडायला तळाला बूच असणारच, काका म्हणाले. खरवडून खरवडून ते सापडलं. गंजून तळाशी एकजीव झालेलं. मी गॅस पेटवायला निघालो तर काका ओरडलेच, आत जुनं डिझेल असेल म्हणून. मग डिझेलच्याच चिंध्या लावून तासभर वाट पाहिली. पान्याला 4 फुटी पाइप जोडला. दोघे जण लोंबकळलो. पाइप वाकला, बूच हललं नाही. दुसरा पाइप आणला.

चारच्या सुमारास कर्रर्र झालं आणि काळं, कुबट पाणी थेट माझ्या छातीवर. पाऊण तास वाहत होतं. शेवटी पालापाचोळा, एक चेंडू आणि अळ्याच अळ्या.

बूच आता उघडंच ठेवायला हवं होतं. मी ते भंगाराच्या पिशवीत टाकलं. काकांनी ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि त्याच्या भोकाशेजारीच तारेनं बांधायला लावलं.

बिल करताना ‘रणगाड्यातील पाणी काढणे’ असं लिहिलं. ऑफिसातल्या बाबूनं ते खोडून ‘टाकी सफाई’ केलं.